लोनतोंगच्या पेटीतली हवा

१४ जुलै, रविवार

सकाळी साडेसहाला आमची मुलगी वेनिंग मकासारला गेली. प्रयोगशाळेचं सात आठवड्यांचं प्रशिक्षण आहे. जाताना तिने माझ्या हातात चार पानं सूचना ठेवल्या. तिच्या आईच्या हातात काहीच ठेवलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. म्हणजे जबाबदारी माझी आहे.

जबाबदारी म्हणजे तिचा साप. छोट्या जातीचा अजगर, लांबी सव्वा मीटर, भ्याला की डोकं पोटाखाली घालून चेंडू होतो. केळीच्या पानात वळून उकडलेल्या भाताच्या लोनतोंगसारखा जाड आणि तसाच निवांत, म्हणून नावही लोनतोंग. वेनिंगच्या खोलीत त्याची लाकडी पेटी आहे. समोर काच, दोन्ही बाजूंना वारा यायला चार-चार भोकं, आत छताला तापदिवा आणि बाहेर तो कमी-जास्त करायची चकती. पेटीत एका बाजूला एकतीस अंश हवेत, रात्री सत्तावीसच्या खाली जायचं नाही, दमटपणा साठच्या आसपास.

मी चौतीस वर्षं हवामान केंद्रात निरीक्षक होतो. तापमान आणि आर्द्रता हे दोन शब्द ऐकून निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मला बरं वाटलं. वेनिंगला मात्र वाटलं नाही. ती नऊ वर्षांची असताना शाळेच्या सहलीला जाताना तिने सहा रंगीत मासे माझ्यावर सोपवले होते. थंडीचे दिवस होते. मी दिवसातून तीनदा पाण्याचं तापमान लिहिलं. पाणी गार होत गेलं आणि मी लिहीत गेलो. सहाही मासे मेले, पण माशांच्या मरणाची इतकी सुबक नोंद दुसरीकडे कुठे नसेल. तिने ते पान वाचून विचारलं, “बापाक, तुम्ही बघत होतात, मग काही केलं का नाही?” निरीक्षकाने हवा मोजायची असते, तिच्यात हात घालायचा नसतो, असं मी तिला समजावलं होतं. तिला ते आजतागायत पटलेलं नाही.

आज रिक्षात बसताना म्हणाली, “सप्टेंबरपासून मला तिथे दोन वर्षांची नोकरी आहे. त्याला बरोबर नेता येणार नाही. हे सात आठवडे नीट गेले तर तो तुमच्याकडे राहील. नाहीतर बागासकडे देईन.”

हा बागास तिच्या मैत्रिणीचा भाऊ. त्याच्याकडे अकरा साप आहेत आणि म्हणे एकही मेलेला नाही.

“नीट गेले की नाही ते ठरवणार कसं?” मी विचारलं.

“ऑगस्टमध्ये तो कात टाकेल. अखंड पडली, डोळ्यांवरच्या टोप्यांसकट, तर हवा बरोबर होती. तुकडे पडले तर नव्हती. कात खोटं बोलत नाही, बापाक.”

मीही बोलत नाही. नवी वही काढली आहे.

१५ जुलै

वेनिंगच्या पेटीत आकडे दाखवणारं एक चिनी यंत्र आहे. दोन दशांशांपर्यंत दाखवतं, म्हणजे खोटारडं असणार. निरोपाच्या दिवशी मला केंद्राने भेट दिलेली तापमापकांची जोडी मी पेटीत लावली, एक कोरडा पारा आणि एक ओल्या मलमलीत गुंडाळलेला. सहा, एक आणि सहा वाजता वाचन. बाराच्या सुमारास लोनतोंग ओल्या पाऱ्याला विळखा घालून झोपला. आर्द्रता निघेना.

ही, म्हणजे वेनिंगची आई, दारातून म्हणाली, “त्याला आवडलंय ते. राहू दे की.”

“ते उपकरण आहे, बू.”

“त्याला कुठे माहीत आहे?”

हिला यातलं काही कळत नाही. ती घरी टेंपे करते. सोयाबीन उकडायचं, साल काढायची, विरजण लावून पिशवीत भरायचं आणि मांडणीवर ठेवून वाट बघायची. दीड-दोन दिवसांत पांढरी बुरशी सगळे दाणे धरून घट्ट वडी होते. सव्वीस वर्षं करते आहे आणि अजून तिच्याकडे साधा तापमापक नाही. मी दोनदा आणून दिला होता. एक तिने तळणीच्या तेलात घातला.

१७ जुलै

बेदिदिंग, म्हणजे इथली कोरडी थंडी, सुरू झालं. पहाटे अंगणात सोळा अंश. आमच्या मालांगमध्ये या दिवसांत दक्षिणेचा कोरडा वारा सुटतो आणि हाडं वाजवतो. कानटोपी काढली. हिने रात्रीच माझ्या पाठीवर तेल लावून नाण्याने खरवडलं, तांबडे पट्टे उठले, वारा निघाला.

पेटीत सकाळी चोवीस. आर्द्रता त्रेचाळीस. दोन्ही कमी. आणि मग माझ्या लक्षात आलं की पेटीला दोन्हीकडून मिळून आठ भोकं आहेत. आठ. सोळा अंशांचा वारा आरपार जातोय आणि मधोमध ते जनावर उघडं पडलंय. त्याला ना कानटोपी, ना सदरा. त्याच्या अंगात वारा शिरला तर? मी पत्नीला विचारलं तर तिलाही तीच धास्ती वाटली. वारा शिरणं काय असतं ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

वर्तमानपत्राचे बोळे करून आठही भोकं बुजवली. वरून चिकटपट्टी. आत पाण्याची आणखी दोन भांडी आणि एक ओला टॉवेल.

निरीक्षकाने हवेत हात घातला, ही इतिहासातली पहिलीच वेळ. झोप छान लागली.

१८ जुलै

आर्द्रता अठ्ठ्याऐंशी. तापमान सव्वीस. साठ हवी तिथे अठ्ठ्याऐंशी मिळाली, म्हणजे अठ्ठावीस जास्तीचे. जास्त असलेलं बरं, कमी पडायला नको.

शेजारचे पाक जुमाली बघायला आले. त्यांच्याकडे गाणारे पक्षी आहेत, रोज सकाळी पिंजरे काठीला टांगून उन्हात धरतात आणि स्वतःही टांगल्यासारखे खाली उभे राहतात. पेटीपासून चार पावलांवर थांबून म्हणाले, “पाक सुविग्नो, आमच्या पक्ष्याचा आवाज बसला की मी त्याच्या छातीला निलगिरीचं तेल लावतो.”

“याला छाती कुठे आहे?”

“मग पाठीला लावा. नाण्याने खरवडा.”

आम्ही दोघे बराच वेळ पाठ कुठून सुरू होते यावर विचार करत होतो. तेवढ्यात ही टेंपेच्या पिशव्या घेऊन जाताना म्हणाली, “त्याच्या अंगाला तेल-नाणं लागलं तर तुम्हा दोघांना तेच करीन, पण नाणं तापवून.” विचार तिथेच थांबला.

२० जुलै

उंदीर द्यायचा दिवस. बर्फाच्या कप्प्यात कोंबडीशेजारी डबा आहे. त्यावर हिने लिहिलंय, ‘माणसांचे नाही’. घरात आम्ही दोघंच आहोत. पण पाहुण्यांपैकी कुणी उघडू नये म्हणून असेल.

लोनतोंगने खाल्लं नाही. आर्द्रता एक्क्याण्णव.

२३ जुलै, मंगळवार

आर्द्रता सत्त्याण्णव. काच आतून इतकी धुरकट झाली आहे की साप दिसत नाही, पण काचेलगतचा पारा दिसतो. वाचनं तिन्ही वेळा पूर्ण.

संध्याकाळी वेनिंगने व्हिडिओवर फोन लावला. “दाखवा ना त्याला.”

मी फोन पेटीसमोर धरला आणि लगेच काढला. “झोपलाय.”

“दमटपणा किती?”

इथे मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही, पण वही आहे ती याचसाठी. मी म्हणालो, “बासष्ट.”

सत्त्याण्णव म्हटलं असतं तर तिने कारण विचारलं असतं. कारण सांगितलं असतं तर बागासचं नाव निघालं असतं. चौतीस वर्षांत मी एकही आकडा बदलला नाही. वीज पडून कुंपण जळालं त्या रात्रीसुद्धा पाऊस मोजायला गेलो होतो, कारण न बघता लिहायचं नाही. आणि आज मुलीला बासष्ट सांगितलं. ती फक्त “बरं” म्हणाली. मला लाज वाटते.

रात्री हिचा फोन बराच वेळ चालला होता, दार लावून. बहीण असावी.

२४ जुलै

भल्या पहाटे ही वेनिंगच्या खोलीत गेली. सहसा तिकडे फिरकत नाही. पेटीचं दार चार बोटं उघडलं आणि नाक आत घातलं.

“बापाक, इकडे या. वास घ्या.”

“कसला?”

“टेंपेच्या बिघडलेल्या घाण्याचा. कोंडलाय.”

लोनतोंग मान वर करून बसला होता. तोंड किंचित उघडं. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, नाकाशी एक बुडबुडा. मी वही काढली आणि वेळ लिहायला लागलो. खरंच लिहायला लागलो. ‘०५:१२, नाकपुडी डावी,’ इतकं लिहून झालं होतं.

हिने माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली. तिचं टोक एकेका भोकात घालून आठही बोळे पाडले. टॉवेल उचलला, दोन भांडी उचलली, काच पुसली. मग स्वयंपाकघरातून ती तिची फळी घेऊन आली, जिच्यावर खिळे उलटे ठोकलेले आहेत आणि जिच्यावर पिशव्या आपटून ती त्यांना भोकं पाडते. माझ्यासमोर धरली.

“ही काय आहे?”

“खिळ्यांची फळी.”

“सव्वीस वर्षं रोज तुमच्यासमोर पिशव्यांना भोकं पाडते. का पाडते?”

मला उत्तर माहीत होतं. भोकं नसली की टेंपेला घाम सुटतो आणि तो चिकट होऊन सडतो. हे मी चार माणसांत पाहुण्यांना ऐटीत सांगतही असतो.

“वारा शिरेल म्हणून…” मी म्हणालो.

“मलाही तसंच वाटलं होतं,” ती म्हणाली. “नाहीतर पहिल्याच दिवशी पाडले असते बोळे. चला, कपडे बदला. दवाखाना आठला उघडतो.”

२४ जुलै, दुपार

पक्षीबाजाराजवळच्या डॉक्टर अनिंद्यांकडे नेलं. वेनिंगपेक्षाही लहान वाटतात. लोनतोंगला उशीच्या अभ्र्यात घालून स्कूटरवर हिने पोटाशी धरलं होतं. पुढे एका चौकात पोलिसाने अभ्र्यात काय म्हणून विचारलं. ही म्हणाली, “लोनतोंग.” त्याने जाऊ दिलं.

छाती भरली आहे. दोन दिवसांआड एक अशा सात सुया. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, “औषधाइतकीच ऊब महत्त्वाची, पाक. दिवसा एकतीस आणि रात्रीही तीसच्या खाली नको. गार पडला तर औषध लागू पडणार नाही.”

“नाहीतर?” मी विचारलं.

“नाहीतर मी सांगायला नको.”

परत येताना स्कूटर थांबेल तिथे मीही हात मागे नेऊन अभ्र्याला लावला. आत तो गोळा होऊन पडला होता. त्या सहा माशांची मला आठवण आली.

२७ जुलै

भोकं उघडी. आर्द्रता सत्तावन्न, काच कोरडी. पण उष्णता टिकत नाही. तापदिव्याची चकती पूर्ण फिरवली तरी पहाटे सव्वीस. बाहेर पंधरा. काल तीन वेळा उठलो, आजही उठणार. बघतो, लिहितो, परत येतो. उपाय सुचत नाही. मोठा दिवा लावला तर त्याला भाजेल, शेगडी ठेवली तर धूर.

शिट्टी अजून येते. खाल्लेलं नाही.

आज वेनिंगला आजार सांगितला. सुरुवात कधी झाली ते मात्र गुळमुळीत ठेवलं. ती रागावली नाही. “आईला दाखवत जा,” एवढंच म्हणाली. आईला काय दाखवायचं?

२८ जुलै

दुपारी ही विचारत होती, “त्या पेटीच्या माथ्यावर जागा किती आहे?”

मी म्हटलं, एक मीटर बाय साठ सेंटिमीटर.

“आणि माथा गरम लागतो का हाताला?”

मी तिला वहन, अभिसरण आणि प्रारण या तिन्ही प्रकारे उष्णता वर कशी जाते ते समजावलं. आकृतीही काढली. वर गेलेली उष्णता फुकट जाते, हेही सांगितलं. तिने मन लावून ऐकलं, याचं आश्चर्य वाटलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिने माझी आकृती पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिली.

नंतर तिने पेटीवर तिची जुनी बाटिक लुंगी घातली, जमिनीपर्यंत. पुढची काच आणि बाजूची भोकं मोकळी ठेवली. “आजारी जीव आहे. त्याला आडोसा हवा. तुम्ही वरचं कापड हलवायचं नाही.” बायकांच्या समजुती. मी होकार दिला.

रात्री मी चकती पाव वळसा मागे आणली. पूर्ण फिरवलेली असताना दिवा दमत असावा असा माझा कयास आहे.

२९ जुलै

पहाटे पाच वाजता: तीस.

तीन वेळा वाचलं. तीस.

३० जुलै

साडेतीस. पाव वळसा.

१ ऑगस्ट

चार रात्री सलग तीस ते एकतीस. बाहेर पंधरा-सोळा. शिट्टी कमी झाली आहे. डॉक्टरीणबाई खूश. मी त्यांना पाव वळशाचं तत्त्व सांगितलं. त्या “असेल” म्हणाल्या. तरुण आहेत, अनुभव येईल.

वेनिंगला मी सविस्तर लिहून पाठवलं, आकृतीसह. तिने हसरा चेहरा पाठवला. दोन पाठवले.

एक किरकोळ नोंद: पेटीला हल्ली ताज्या अळिंबीसारखा, थोडा टेंपेसारखा वास येतो. हिच्या हातांचा असावा. हल्ली दिवसातून दोनदा ती लोनतोंगची विचारपूस करायला जाते, तेही मी अंघोळीला किंवा नमाजाला गेलो की. जाताना दार लावून घेते. तिलाही जनावराचा लळा लागला, पण कबूल करायला लाजते.

५ ऑगस्ट

लोनतोंगने उंदीर खाल्ला. मी दोन कप कॉफी प्यालो.

आणखी एक गंमत. बेदिदिंगमध्ये गल्लीतल्या सगळ्या बायकांचे टेंपे रखडतात, तीन-तीन दिवस बुरशी धरत नाही. हिचे मात्र दीड दिवसात पांढरेशुभ्र, आणि कापताना चाकूला दाद देणार नाहीत इतके घट्ट. शेजारची बू जुमाली सकाळी विचारत होती, “यंदा विरजण कुठून आणलंत?” ही म्हणाली, “जुनंच आहे.” मी बू जुमालीला सांगितलं की हे हवेच्या दाबामुळे असू शकेल.

हिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी विषय बदलला.

९ ऑगस्ट

लोनतोंगचे डोळे काल दुधी निळे झाले. कात टाकण्याची खूण. आता दमटपणा सत्तरवर हवा, नाहीतर कात सुकून अंगावर चिकटेल. पण छाती नुकतीच भरली होती, त्यामुळे सगळी पेटी ओली करायची भीती वाटते. ओलं करावं तर छाती भरेल, कोरडं ठेवावं तर कात फाटेल. इकडे आड, तिकडे विहीर. रात्रभर तळमळलो.

सकाळी पाहतो तो पेटीत एका कोपऱ्यात मातीचं छोटं मडकं उपडं ठेवलेलं, त्याला खाच पाडलेली आणि आत ओलसर शेवाळ. लोनतोंग त्यात शिरून फक्त नाक बाहेर काढून बसलाय. बाकी पेटी कोरडी. ज्याला ओल हवी त्याने ओलीत जावं.

“हे कुणी ठेवलं?” मी विचारलं.

ही सोयाबीनची सालं काढत होती. “तुम्हीच बोलत होतात ना रात्री झोपेत.”

झोपेतही माझं डोकं चालतं, हे मला माहीत नव्हतं.

१२ ऑगस्ट, सोमवार

हा दिवस नीट लिहायला हवा.

विजेच्या तारा बदलायच्या म्हणून सकाळी सातपासून गल्लीत वीज नव्हती. पाक जुमालींनी कालच सांगितलं होतं, मी विसरलो. ही सकाळीच बाजारात टेंपे द्यायला गेली होती. तापदिवा बंद. कात टाकायच्या ऐन दिवसांत. मी आतून उबदार कापडं आणली, गरम पाण्याच्या बाटल्या भरल्या, वही घेऊन पेटीसमोर मांडी घातली.

सात वाजता एकतीस. आठला एकतीस. मी वाट बघत होतो की आता उतरेल. दहाला साडेतीस. बाराला साडेतीस. खोलीत बावीस. दिवा हाताला गारढोण.

चौतीस वर्षांचा अनुभव मला सांगत होता की हे होऊ शकत नाही. उष्णता कुठूनतरी यावी लागते. पाव वळशातून ती येऊ शकत नाही, कारण वीजच नाही. मी दोन्ही पारे बदलून पाहिले. चिनी खोटारड्या यंत्राकडेही पाहिलं. तेही साडेतीस म्हणत होतं.

मग मी पेटीच्या माथ्यावर, लुंगीवरून, हात ठेवला. ऊब होती. तापलेल्या बाळाच्या अंगासारखी. लुंगीखाली काहीतरी वड्या-वड्या लागत होतं.

हलवायचं नाही असा शब्द दिला होता. मी तो मोडला.

लुंगीखाली, पेटीच्या पूर्ण माथ्यावर, दोन थरांत टेंपेच्या चोवीस पिशव्या रचलेल्या होत्या. नीट, मध्ये बांबूच्या काड्या घालून. अर्ध्या नव्या, दिव्याच्या उबेवर धरू लागलेल्या. अर्ध्या पिकलेल्या, स्वतःच इतक्या तापलेल्या की काचेवर वाफ धरावी. बुरशी दाणे खाताना ऊब सोडते, हे मला माहीत होतं. पाहुण्यांना सांगतो ना मी. दिवा टेंपेला सुरुवात करून देत होता आणि रात्री टेंपे सापाला सांभाळत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ही दोन वाजता परतली. मी लुंगी हातात घेऊन बसलो होतो.

ती दारातच थांबली. “बघितलंत?”

“बू, पाव वळसा…”

“असू दे. तोही असेल.”

“कधीपासून?”

“तुम्ही आकृती काढलीत त्या दिवसापासून. वर जाते ती ऊब फुकट जाते म्हणालात. मला फुकट गेलेलं बघवत नाही.” ती माझ्याशेजारी खाली बसली. “पण बापाक, बाहेर बोलू नका. सापाच्या डोक्यावर पिकलेला टेंपे कोण घेईल?”

“सांगितलं का नाहीस मला?”

तिने थोडा वेळ पिशव्या चाचपल्या. “तुम्ही पहाटे उठून तो पारा वाचून यायचात तेव्हा तुमचा चेहरा बघितलाय का कधी? निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच बघितला मी तसा.”

लुंगी परत घालायला तिला हात दिला. कोपरे तिच्यासारखे जमत नाहीत.

१३ ऑगस्ट

सकाळी ०५:४० ला मडक्याबाहेर कात. अखंड. उलट्या काढलेल्या लांब मोज्यासारखी, शेपटीच्या टोकापासून ओठांपर्यंत. आम्ही दोघांनी ती खिडकीपाशी उजेडात धरली. डोळ्यांच्या दोन टोप्या, दोन्ही जागेवर, इवल्याशा भिंगासारख्या.

ही म्हणाली, “लग्नात सुद्धा तुम्ही इतके रडला नव्हतात.”

डोळ्यात धूळ गेली होती. आर्द्रता चौसष्ट.

१७ ऑगस्ट, शनिवार

स्वातंत्र्यदिनाचं गल्लीजेवण. सगळ्यांनी एकेक पदार्थ आणला, आमचा तळलेला टेंपे. गल्लीप्रमुखांनी सहा तुकडे खाल्ले आणि सगळ्यांदेखत विचारलं, “बू सुमियातुन, या थंडीत असा टेंपे? काय घालता काय?”

मी ताटाकडे पाहत राहिलो. पाक जुमाली माझ्याकडे पाहत राहिले.

ही म्हणाली, “संगत चांगली लागते.”

गल्लीप्रमुखांनी मान डोलावली आणि सातवा तुकडा घेतला.

३१ ऑगस्ट, शनिवार

वेनिंग परत आली. चपलाही न काढता खोलीत गेली. लोनतोंगला हातात घेतलं, तोंड उघडून आत बघितलं, छातीला कान लावला. मग मी वहीत जपून ठेवलेली कात तिने उजेडात धरली. दोन्ही टोप्या बोटाने मोजल्या. मी उभा होतो, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसा.

“अखंड आहे,” ती म्हणाली. “तो इथेच राहील.”

मला गप्प बसता आलं असतं. मी म्हणालो, “न्दुक, पोरी, तेवीस जुलैला मी तुला बासष्ट सांगितलं. सत्त्याण्णव होते. भोकं मीच बुजवली होती. आजारी मी पाडला.”

ती कात घडी करत राहिली. “मला माहीत आहे.”

“कसं?”

“बासष्टला काच घामेजत नाही, बापाक. तुम्ही फोन फिरवलात तेवढ्यात दिसली. त्याच रात्री मी आईला फोन केला.”

म्हणजे ती बहीण नव्हती.

“मग मला का नाही विचारलंस? रागावली का नाहीस?”

“माशांच्या वेळी नऊ वर्षांची होते, तेव्हा रागावले होते. तुम्ही काही केलंच नव्हतं.” तिने लोनतोंगला माझ्या हातात दिलं. सात आठवड्यांत मी त्याला अभ्र्याशिवाय कधी धरला नव्हता. तो चेंडू झाला नाही. मनगटाभोवती सावकाश फिरला आणि थांबला. “या वेळी केलंत. चुकीचं केलंत, पण केलंत. मला वाटलं, आईने हात लावला तर पुढचं जमेल.”

“आणि ‘आईला दाखवत जा’ म्हणालीस ते?”

“मग आणखी कुणाला दाखवणार? घरात हवा कुणाला कळते?”

स्वयंपाकघरातून ही म्हणाली, “जेवायला या दोघं. आणि हात धुवा.”

नोंद इथे संपते. आमच्या केंद्रात महिनाअखेर पानाच्या तळाशी दोन रकाने असत, एक निरीक्षकाचा आणि एक लेखनिकाचा. चौतीस वर्षं मी दोन्हींत माझीच सही केली, कारण ठाण्यावर मी एकटाच होतो. तीच सवय इथेही रोजच्या पानाला लागली होती. चौदा जुलैपासूनची सगळी पानं मागे उलटून आज पहिल्या रकान्यातली माझी सही खोडली.

तेवीस जुलैच्या पानावर मात्र ठेवली. त्या दिवशी निरीक्षक मीच होतो.

पेटी: एकतीस अंश, आर्द्रता साठ.
निरीक्षक: सुमियातुन
लेखनिक: सुविग्नो